भेदरलेला कुत्रा सावरतो कसा?

प्रश्न कोणता आहे

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की पेढी नदीकाठी वलगाव लागते. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला तो याच गावाजवळ. जत्रांमधल्या पशुबळीविरुद्ध त्यांनी कीर्तनांतून आयुष्यभर आवाज उठवला. त्यांचा म्हणून जो दहा कलमांचा संदेश महाराष्ट्रात जागोजागी भिंतींवर लिहिलेला दिसतो, त्यात भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी देण्याबरोबर मुक्या प्राण्यांना अभय देणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे. कुत्र्यामांजरांना वाचवणारी माणसे या मुलखात आज खूप आहेत. गाडीने उडवलेला, पोत्यात घालून गावाबाहेर सोडलेला, वर्षानुवर्षे आखूड साखळीला बांधलेला किंवा हौसेने विकत घेऊन नकोसा झाल्यावर टाकून दिलेला कुत्रा ती घरी आणतात. जखम भरते, खरूज जाते, अंगावर मांस चढते. तरीही तो पलंगाखालून बाहेर येत नाही, माणूस उठून उभा राहिला की भिंतीला चिकटतो, हात पुढे केला की त्याची लघवी सुटते किंवा तो गुरगुरतो. शरीर बरे झाले, जीव मात्र थाऱ्यावर आलेला नाही अशा कुत्र्यासाठी काय करावे, यावर शंभर वर्षांचे प्रयोग, वाद आणि अनुभव साचलेले आहेत. ते कुठवर आले आहेत ते येथे पाहायचे आहे.

या पुराव्यातून एक सूत्र वर येते आणि पुढची मांडणी त्याच्याच आधाराने केली आहे. आपल्या वागण्याने समोरची परिस्थिती बदलते, असे कुत्र्याला कळू लागले की तो सावरू लागतो. मागे सरलो तर माणूस थांबतो, तोंड फिरवले तर हात दूर जातो, पुढे गेलो तर काही चांगले मिळते आणि पुढे गेलो नाही तरी काही बिघडत नाही, एवढे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवाला आले पाहिजे. खाऊ, सराव, सोबत आणि औषध ही सगळी साधने उपयोगी आहेत. त्यांतले कोणते कधी चालते आणि कधी फसते, हे या सूत्रावरून बरेचसे समजते.

जीव वाचवण्यापासून मनापर्यंत

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा पुढे आला, कारण आधीचा वाद कुत्र्याला जगू द्यायचे की नाही याचाच होता. जून 1832 मध्ये मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य थांबवणारी संस्था उभी राहिली, 1883 मध्ये परळचे बाई साकरबाई रुग्णालय आले, 1960 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. 1985 मध्ये स्थापन झालेल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्थांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरणाचा आग्रह धरला. त्याला 2001 च्या आणि नंतर 2023 च्या केंद्रीय नियमांनी चौकट दिली. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्री मोजली गेली. एवढ्या संख्येपुढे एका कुत्र्याच्या धास्तीचा विचार चैनीचा वाटू शकतो. पण भ्यालेला आणि पळायला वाट नसलेला कुत्रा चावतो. एकदा चावलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळत नाही. म्हणून हा प्रश्न दयेइतकाच सुरक्षिततेचाही आहे.

कुत्र्याच्या भीतीचा अभ्यास मात्र त्याच्या कल्याणासाठी सुरू झाला नाही. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राडमध्ये महापूर आला आणि इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना पाण्याखालच्या दारांतून ओढून वाचवावे लागले. वरवर सगळी धडधाकट होती, पण त्यांतल्या काहींचे शिकलेले प्रतिसाद पुसले गेले होते. सरावाने ते परत आल्यावर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, आणि तो पुन्हा ढासळला. भीती आटोक्यात येते, मिटत नाही, आणि मूळ प्रसंगाची एखादी खूण ती परत जागी करते, हा यातून मिळालेला धडा आजही खोटा ठरलेला नाही. अनेक महिने छान चाललेला कुत्रा एका आवाजाने पुन्हा कोपरा धरतो तेव्हा घरचे लोक सगळी मेहनत वाया गेली असे समजतात. तसे नसते. दुसऱ्या वेळी सावरायला बहुधा कमी वेळ लागतो.

दुसरा मोठा टप्पा अमेरिकेतल्या बार हार्बरचा. तेथे स्कॉट आणि फुलर यांच्या दीर्घ अभ्यासातून (त्यांचे पुस्तक 1965 चे) दिसले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसांची, आवाजांची, जागांची ओळख होते ती पायाभूत ठरते. त्याच संशोधनगटाच्या 1961 च्या प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा स्पर्शही न मिळालेली पिल्ले जवळजवळ रानटी जनावरांसारखी वागली. यावरून एक महत्त्वाचा भेद निघतो, तो आपल्याकडे फारसा केला जात नाही. मार खाल्लेला कुत्रा आणि ओळखच न झालेला कुत्रा बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्याला एकेकाळी विश्वास होता आणि तो मोडला. दुसऱ्याच्या मनात तो कधी तयारच झाला नव्हता. लोक दर वेळी ‘याला कुणीतरी फार मारले असणार’ असे म्हणतात. अनेकदा कुणीही मारलेले नसते, तो फक्त एका खोपट्यात वाढलेला असतो. 2011 मध्ये मॅकमिलन, डफी आणि सर्पेल यांनी व्यापारी पैदास केंद्रांतून सुटलेल्या 1,169 कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत भीतीचे प्रमाण इतर पाळीव कुत्र्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळले, आणि त्या केंद्रांत रोजची मारहाण असो वा नसो, पिंजऱ्यातला एकसुरी कोंडमारा तेथे ठरलेलाच असतो.

तिसरा टप्पा वाचतानाही त्रास होतो. 1967 मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन, स्टीव्हन मायर आणि ब्रूस ओव्हरमायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे सुटका एका उडीवर असतानाही त्यांतली बरीच कुत्री पडून राहिली. ‘काही केले तरी उपयोग नाही’ हे ती शिकली, असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, मायर आणि सेलिगमन यांनी उंदरांच्या मेंदूवरील पुढच्या संशोधनाच्या आधारे स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे गळाठून जाणे हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे आणि आपल्या हातात काही आहे ही जाणीव शिकावी लागते, असे त्यांनी मांडले. कुत्रा सावरण्याच्या चर्चेत या दुरुस्तीचा उल्लेख क्वचितच होतो. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हिंमत नंतरही शिकवता येते, असे त्यातून निघते.

मुख्य मते

सर्वांत जुने मत दराऱ्याचे आहे. कुत्रा टोळीतला प्राणी, त्याला म्होरक्या लागतो, मालकाने म्होरकेपण दाखवले की कुत्र्याला आधार वाटतो आणि भीती जाते, असे ते सांगते. जर्मन पोलीस कुत्र्यांचे प्रशिक्षक कोनराड मोस्ट यांच्या 1910 च्या पुस्तकापासून ही परंपरा चालत आली, आणि 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांनी तिला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. या मताची बाजू नीट मांडायची तर त्यात एक खरे निरीक्षण आहे: भ्यालेल्या कुत्र्याला ठरावीकपणा हवा असतो, आणि गोंधळलेल्या, दर वेळी वेगळे वागणाऱ्या माणसापेक्षा शांत व ठाम माणसाजवळ तो लवकर स्थिरावतो. पण पाया टिकला नाही. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये दाखवले की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, तेथे म्होरकेपणासाठी झुंज चालत नाही. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिसके आणि दटावणी वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे आणि लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक जास्त वाढलेले आढळले. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने 2021 मध्ये शिक्षेवर आधारलेले प्रशिक्षण कोणत्याही कुत्र्यासाठी वापरू नये अशी भूमिका घेतली. निदान भेदरलेल्या कुत्र्यापुरता हा वाद मिटला आहे असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे मत सवयीचे. ज्याची भीती वाटते त्याच्या पुढ्यात ठेवा, पळू देऊ नका, काही होत नाही हे कळले की भीती ओसरेल. बाजारात न्या, पाहुण्यांच्या मांडीवर द्या, पाण्यात सोडा. हे मत सहज झटकता येत नाही, कारण त्याच्या बाजूने एक अवघड पुरावा आहे. 1968 मध्ये सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी गळाठलेल्या कुत्र्यांना पट्टा लावून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढले, आणि अखेर ती स्वतःहून उडी मारू लागली. म्हणजे जबरदस्तीने सुधारणा झाली, असा आक्षेप येतो. पण तिथे नेमके काय घडले ते पाहिले पाहिजे. ओढल्यावर हालचाल झाली, हालचालीने झटका थांबला, आणि हालचालीचा उपयोग होतो हे कुत्र्याला कळले. त्याने स्वतः पाय उचलताच ओढणे संपले. अमरावतीच्या इतवारा बाजारात पट्ट्याने घट्ट धरून उभ्या केलेल्या कुत्र्याला यातले काहीच मिळत नाही. तो काहीही करो, गर्दी हटत नाही. थोड्या वेळाने तो शांत उभा राहिलेला दिसतो, आणि लोक त्याला ‘सवय झाली’ म्हणतात. जीभ बाहेर न काढता, डोळे विस्फारून, अंग ताठ करून उभा असलेला कुत्रा शांत नसतो, गोठलेला असतो.

तिसरे मत आज सर्वाधिक मान्य आहे. भीती निर्माण करणारी गोष्ट इतकी दूर किंवा इतकी सौम्य ठेवायची की कुत्रा तिची दखल घेईल पण घाबरणार नाही, आणि ती दिसताच काही चांगले द्यायचे. याचा उगमही 1924 सालचाच आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती खाऊ देत, ससा रोज थोडा जवळ आणत घालवली. 1958 मध्ये जोसेफ वोल्प यांनी या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. कुत्र्यांबाबतचा पुरावाही चांगला आहे. स्टेफानी रीमर यांच्या 2020 च्या सर्वेक्षणात फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी कोणत्या उपायाचा फायदा झाला ते सांगितले. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ, हा साधा उपाय सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी परिणामकारक ठरवला. औषधे आणि शांत राहण्याचा सराव त्याच्या जवळपास होते. वनौषधी, फेरोमोन आणि होमिओपॅथी बरेच मागे राहिले, आणि त्यांचे यश नुसत्या समजुतीने मिळते त्याहून जास्त नव्हते.

तरीही हा उपाय फसताना दिसतो, आणि तेथून चौथे मत सुरू होते. भुकेला कुत्रा हातातल्या अंड्याच्या तुकड्यासाठी मान लांब करून पुढे येतो, तुकडा गिळतो, आणि मग आपण माणसाच्या अगदी जवळ आहोत हे त्याच्या लक्षात येते. तो दचकून मागे उडी मारतो किंवा चावतो. खाऊने त्याला त्याच्या हिमतीपेक्षा पुढे ओढले. म्हणून अमेरिकन प्रशिक्षक सुझान क्लोदियर यांनी खाऊ कुत्र्याच्या मागे टाकायची पद्धत मांडली. तो खायला मागे जातो, सुटल्यासारखे वाटते, आणि स्वतःच्या मर्जीने परत पुढे येतो. नॉर्थ टेक्सास विद्यापीठातील रोझालेस-रुइझ आणि केली स्नायडर यांनी त्याही पुढे जाऊन खाऊ न वापरता, कुत्रा जरा सैलावला की माणसाने दूर जायचे, असा प्रयोग केला. ग्रिशा स्ट्युअर्ट यांची पद्धतही अंतराचीच आहे. यावर आक्षेप असा की कुत्र्याला नको असलेल्या गोष्टीची सुटका हेच बक्षीस ठरवायचे तर आधी ती गोष्ट समोर आणावी लागते, आणि अंतर चुकले तर पुन्हा दुसऱ्या मताच्या जबरदस्तीवर येऊन पोचतो. आक्षेप खरा आहे. अंतर कुत्र्याने ठरवायचे, माणसाने नाही, हे पाळले तरच ही पद्धत तिसऱ्या मताला पूरक ठरते. दोन्ही एकत्र वापरणाऱ्यांचे काम मला सर्वांत भरवशाचे वाटते.

औषधांविषयीचे मत स्वतंत्र मांडले पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे अमेरिकेत एकटेपणाच्या धास्तीसाठी कुत्र्यांना देण्यास 1998 आणि 2007 मध्ये मान्यता मिळाली. ती गुंगी आणणारी नाहीत, परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात, आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय देऊ नयेत. विरोधक म्हणतात, गोळी देऊन कुत्र्याचे मूळ दुखणे झाकले जाते. पण सतत धास्तीत असलेला कुत्रा शिकूच शकत नाही. तो खात नाही, झोपत नाही, मग खाऊ आणि सराव यांना शिरकावच नाही. अशा कुत्र्यात औषध शिकण्याची जागा तयार करते. जुन्या पद्धतीने दिवाळीत दिले जाणारे एसप्रोमाझिन मात्र एकट्याने देणे आता योग्य मानत नाहीत. त्याने अंग ढिले पडते, भीती तशीच राहू शकते. आणि कोणत्याही औषधाच्या आधी दुखणे तपासले पाहिजे. कंबर, दात, कान, जुने मोडलेले हाड यांच्या वेदनेमुळे कुत्रा स्पर्शाला आणि आवाजाला घाबरतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. अचानक बदललेल्या वागण्यामागे रेबीजची शक्यताही असते, म्हणून नवा आणलेला कुत्रा आधी जनावरांच्या दवाखान्यात गेला पाहिजे.

काही हरकती

या मांडणीवर तीन हरकती नेहमी घेतल्या जातात. पहिली अशी की भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले, कुरवाळले तर भीतीला खतपाणी मिळते. ही समजूत अनेक जुन्या प्रशिक्षकांनी पसरवली. पॅट्रिशिया मॅककॉनेल यांच्यासारख्या वर्तनतज्ज्ञांनी तिचे खंडन केले: भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेले वर्तन नव्हे, त्यामुळे आधाराने ती वाढत नाही. मायकेल हेनेसी यांच्या अमेरिकेतील निवाऱ्यांमधल्या अभ्यासांत माणसाच्या शांत सोबतीने आणि हळुवार कुरवाळण्याने कॉर्टिसोलची वाढ कमी झाल्याचे दिसले. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने 2017 मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केला. अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा भेट झाल्यावर ज्यांना खाऊ मिळत होता त्यांच्यापेक्षा ज्यांच्या डोक्यावरून हात फिरवला जात होता ती कुत्री अधिक विश्वासाने जवळ आली. आपल्याच देशातल्या, आपल्याच रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा हा पुरावा असल्याने त्याचे मोल मोठे आहे. पण तो त्या प्रयोगात जवळ येणाऱ्या कुत्र्यांचा आहे. पलंगाखाली दडलेल्याला ओढून छातीशी धरणे हा त्याचा अर्थ होत नाही. तो अंगाला अंग लावून बसला तर हात फिरवावा, थांबवून पाहावे. त्याने नाकाने हात ढकलला तर पुन्हा फिरवावा, तो सरकला तर सरकू द्यावे.

दुसरी हरकत याच्या उलट: काहीच करू नका, वेळ जाऊ द्या, आपोआप येईल. निवाऱ्यांत ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असे एक गणित सांगितले जाते. घाई करणाऱ्या माणसाला थोपवायला ते बरे आहे, त्यामागे मोजमाप मात्र नाही. हेनेसी यांच्याच अभ्यासांत नव्या जागेतले पहिले काही दिवस कॉर्टिसोल सर्वाधिक आढळले, त्यामुळे सुरुवातीला मोकळीक द्यावी हे योग्य. पण एकटा सोडलेला कुत्रा दडून राहायलाच शिकतो. त्याला भेट लागते, ठरलेल्या वेळेची आणि लहान.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे. भित्रेपणा रक्तातच असेल तर? आर्कान्सा विद्यापीठात मर्फ्री आणि डायकमन यांनी पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची एक बुजरी वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, आणि चांगल्या हाताळणीनेही ती कुत्री पूर्ण सावरली नाहीत. सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ बेल्यायेव्ह यांनी 1959 मध्ये सुरू केलेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगाने माणसाळलेपण वंशपरंपरेने वाढवता येते हे दाखवले, म्हणजे उलटही शक्य आहे. हे मान्य करावेच लागते. म्हणून सावरणे म्हणजे काय याची व्याख्या आधीच जमिनीवर आणली पाहिजे. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारा कुत्रा हे उद्दिष्ट नाही. नीट खाणे, गाढ झोपणे, अंगणात वास घेत फिरणे, घरच्यांपैकी दोघातिघांना ओळखून शेपूट हलवणे आणि घाबरल्यावर काही मिनिटांत पूर्ववत होणे एवढे साधले तरी त्या कुत्र्याचे जगणे बदललेले असते. वास घेण्याचा उल्लेख मुद्दाम केला. 2019 मध्ये द्युरांतों आणि होरोविट्झ यांना आढळले की रोज वास हुंगून खाऊ शोधण्याचा खेळ खेळलेली पाळीव कुत्री संदिग्ध परिस्थितीकडे अधिक आशेने पाहू लागली. नाकाने शोधताना कुत्रा स्वतः ठरवतो, स्वतः मिळवतो. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे पोत्याच्या घडीत लपवले तरी हा खेळ होतो, त्याला खर्च नाही.

वऱ्हाडातल्या घरात

परदेशी पुस्तकांतला सल्ला जसाच्या तसा उचलला तर इथे अडतो. घाबरलेल्या कुत्र्यासमोर वाका, लहान व्हा, असे ती पुस्तके सांगतात. आपल्या गावांत मात्र माणूस वाकला की कुत्रा पळतो, हे पोरासोरांनाही माहीत आहे, कारण वाकणे म्हणजे दगड उचलणे. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यापुढे वाकण्याऐवजी त्याच्या येण्याआधीच जमिनीवर बसून राहावे, अंग बाजूला वळवून, नजर न रोखता. झाडू, काठी, ओढलेली खुर्ची आणि ‘हाड’ हा शब्द यांचेही तसेच. कुत्र्याचे आधीचे आयुष्य कोणत्या खुणांनी भरले आहे हे ओळखल्याशिवाय कोणतीही पद्धत लागू पडणार नाही. भद्रा यांच्या गटाच्या 2020 च्या प्रयोगात रस्त्यावरची जवळपास निम्मी कुत्री माणसाच्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला जवळच आली नाहीत, जी आली त्यांतल्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी माणसाने बोट दाखवलेली वाटी निवडली. त्याच गटाने 2016 मध्ये नोंदवले होते की रस्त्यावरच्या पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के सात महिन्यांपर्यंत जगतात आणि 63 टक्के मृत्यूंमागे माणूस असतो. अशा जगात माणसापासून अंतर ठेवणे हा आजार म्हणता येणार नाही. तो शहाणपणा आहे, आणि घरात आल्यावर तो सोडायला कुत्र्याला सबळ कारण मिळाले पाहिजे.

अंगणातल्या साखळीचा विचार इथे टाळता येत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्याच्यावर लादलेला असतो. हातात काही नसणे याचे याहून ठळक उदाहरण घरात सापडणार नाही. फार आखूड वा जड साखळीला विनाकारण दीर्घ काळ बांधून ठेवणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हाही आहे. दुसऱ्या बाजूने शेतकरी कुटुंबाची अडचण खरी आहे: कुंपण नाही, फाटक नाही, सोडले तर परतवाडा रोडवरच्या ट्रकखाली जाईल, पोहरा-वडाळीच्या बाजूला बिबट्याची भीती. नवा भेदरलेला कुत्रा तर आधी पळूनच जातो. म्हणून सुरुवातीला एक बंद खोली, नहाणीचा थंड कोपरा किंवा खाटेखालची जागा द्यावी, बाहेर नेताना हार्नेस आणि गळ्यातला पट्टा अशा दोन दोऱ्या लावाव्यात, आणि दडण्याची जागा कोणीही मोडू नये. तिथे पोराने हात घालायचा नाही हा घरचा नियम असावा.

आवाजांचे वेळापत्रकही इथले आहे. दिवाळी, लग्नसराईतला डीजे, मृगातल्या कडाडणाऱ्या विजा, आणि वावरात रानडुकरे व रोही हुसकावण्यासाठी रात्री फुटणारे सुतळी बॉम्ब. हे आधी माहीत असते, त्यामुळे तयारी महिनाभर आधी करता येते: हलक्या आवाजाशी खाऊची जोड, आतल्या खोलीत गोधड्या टाकलेली जागा, गरज असेल तर पशुवैद्यकाशी आधीच बोलणे. एप्रिल-मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा उन्हाची धाप आणि भीतीची धाप यांत फरक करणे अवघड जाते, म्हणून सराव पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच करावा.

काय सुटलेले नाही

भेदरलेल्या कुत्र्यांच्या पुनर्वसनाचा एक मोठा नोंदवलेला प्रयत्न अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेचा. 2013 मध्ये न्यू जर्सीत सुरू होऊन 2018 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वीव्हरव्हिल येथे स्थिरावलेल्या केंद्रातील 441 कुत्र्यांचा अहवाल 2022 मध्ये आला. सुमारे 86 टक्के कुत्री दत्तक देण्याजोगी झाली. आकडा दिलासा देणारा आहे. पण उपचार न मिळालेला गट तुलनेला नव्हता, त्यामुळे नुसत्या सुरक्षित जागेने किती झाले आणि पद्धतीने किती, हे वेगळे करता येत नाही. शिवाय तेथे प्रशिक्षित माणसे जवळजवळ रोज प्रत्येक कुत्र्यासाठी वेळ देत होती. घरात, नोकरी सांभाळून, तेच किती जमेल हे अजून कुणी नीट मोजलेले नाही. बाकीचे बरेच संशोधन मालकांच्या सांगण्यावर उभे आहे, आणि कॉर्टिसोल आनंदाच्या उत्तेजनेनेही वाढते, त्यामुळे तो एकटा पुरेसा साक्षीदार नाही.

याहून कठीण प्रश्न मोठ्या वयाच्या, रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचा आहे. त्याला घरात आणणे त्याच्या हिताचे आहे की नसबंदी व लसीकरण करून त्याच्याच जागी सोडणे? 2023 चे नियम दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये आधी दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, 22 ऑगस्टला त्यात बदल करून रेबीजग्रस्त व आक्रमक वगळता इतर कुत्री परत सोडण्यास सांगितले, आणि 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचे निर्देश दिले. नागरिकांच्या सुरक्षिततेची बाजू आणि कुत्र्याच्या परिचित प्रदेशाची बाजू, दोन्हीकडे वजन आहे. पण आयुष्यभर मोकळा राहिलेला कुत्रा बंद निवाऱ्यात महिनोन्‌महिने राहिला तर त्याच्या मनावर काय होते, यावर भारतीय पुरावा जवळजवळ नाही. वर मांडलेल्या सूत्रानुसार धोका मोठा आहे: निवाऱ्यात त्याच्या हातातले बहुतेक सगळे निर्णय काढून घेतले जातात. तेथेही आडोसा, पिंजऱ्याला दोन भाग, ठरलेली माणसे आणि ठरलेली वेळ एवढे दिले तर काही निर्णय परत देता येतात, आणि हे करायला फार पैसा लागत नाही.

अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, अमरावती जिल्ह्यात कुत्री सांभाळणारी शेकडो घरे आहेत. ज्याने भेदरलेला कुत्रा घरी आणला आहे त्याने एक वही ठेवावी. आज किती हात अंतरावरून खाल्ले, कुठल्या आवाजाने पळाला, किती वेळाने बाहेर आला, रात्री कुठे झोपला, एवढेच तारखेनिशी लिहावे, आणि दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्यावी. या प्रश्नावर आपल्या मातीतला पुरावा गोळा व्हायला दुसरी सोपी वाट सध्या दिसत नाही.